बॉनेटखालचे खारे वारे

ट्रेसीहून लिव्हरमोरकडे जाताना फ्रीवे ५८० वर अल्टामाँटचा जो चढ लागतो, त्याला घाट म्हटलं तर माझे बाबा हसतील. त्यांनी एसटीची गाडी घेऊन वर्षानुवर्षं कसारा घाट पालथा घातला आहे. अल्टामाँटची खिंड जेमतेम हजार फूट उंच, रस्ता चार चार लेनचा, वळणं म्हणावीत अशी नाहीतच. पण मागच्या वर्षी जुलैतल्या एका दुपारी, बाहेर १०२ डिग्री फॅरनहाइट, एसी चालू, मागच्या सीटवर नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याचं पोहण्याचं सामान, अशा अवस्थेत आमच्या गाडीला त्या चढावर धाप लागली. पेडल तळाला टेकलं होतं. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि काटा मात्र ६५ वरून ५५ वर, मग ५० वर. मागे आरशात भलामोठा ट्रक. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हॅझर्ड लाइट लावून उजव्या लेनमध्ये जीव मुठीत धरून रांगत वर गेले. मुलगा म्हणाला, "आई, आपल्याला सायकलवाला पण मागे टाकेल." फ्रीवेवर सायकली नसतात हे त्याला सांगण्याचंही त्राण माझ्यात नव्हतं.

गाडी चालवायला मी इथे येऊन, बत्तिशी ओलांडल्यावर शिकले. लायसन्स तेव्हा दीड वर्षाचं होतं. भारतात मी नाशिकच्या एका शाळेत आठवी ते दहावीला भूगोल शिकवायची. इथे डिपेंडंट व्हिसावर घरी असते. नवरा आठवड्यातले चार दिवस ट्रेनने जातो, म्हणून ही २००८ ची सेकंडहँड सेडान माझी. कोणत्या कंपनीची ते मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात निम्मे पुरुष माझ्याशी वाद घालायला येतील. गाडी म्हणजे माझं स्वातंत्र्य वगैरे मोठी वाक्यं मी लिहिणार नाही, पण ती नसेल तर आमच्या सबडिव्हिजनमधून दुधाला जायचं तरी दोन मैल उन्हात चालावं लागतं. त्या दुपारनंतर मी फ्रीवेवर जायचंच बंद केलं. मुलाचा पोहण्याचा क्लास सुटला, लिव्हरमोरच्या मैत्रिणीकडची मंगळागौर सुटली. नवरा म्हणाला, "विकून टाकू." विकून दुसरी घ्यायला पैसे कुठून आणायचे, ते मात्र तो म्हणाला नाही.

इथे माझ्या धाकट्या दिराचा प्रवेश होतो. हा सॅक्रमेंटोला एमएस करतो आणि शनिवार-रविवार वहिनीच्या हातचं जेवायला येतो. गाड्यांचं त्याला वेड. त्याने बॉनेट उघडलं, इकडे तिकडे हात फिरवला आणि डॉक्टरी सुरात निदान केलं, "वहिनी, तुझी गाडी गरम हवा खातेय. तिला गार हवा हवी. कोल्ड एअर इन्टेक बसवू."

म्हणजे काय, ते मला त्याने समजावलं तसंच सांगते. पेट्रोल इंजिनात पेट्रोल जळतं हे आपल्याला माहीत असतं, पण ते किती हवेबरोबर जळतं हे आपण मनावर घेत नाही. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक गॅलन पेट्रोल जाळायला एक्केचाळीस किलोंच्या आसपास हवा, एखाद्या मध्यम बेडरूममध्ये मावेल एवढी. आपण पैसे फक्त पेट्रोलचे मोजतो, कारण हवा फुकट. ही हवा एका डब्यातल्या फिल्टरमधून गाळून, पाइपातून इंजिनात जाते. इंजिनाचा पोटाचा आकार ठरलेला. तो प्रत्येक घासाला ठरावीक घनफळाची हवा ओढतो. ती हवा गरम असेल तर विरळ, म्हणजे तेवढ्याच घासात ऑक्सिजन कमी. गाडीतला कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि पेट्रोलही त्याच मानाने कमी सोडतो. परिणाम, ताकद कमी. शिवाय हवा फार तापली तर आतलं मिश्रण वेळेआधीच भडकू नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. त्यात आणखी थोडा जोर जातो.

हे ऐकताना मला हसू आलं, कारण हा धडा मीच किती वर्षं शिकवला होता. गरम हवा विरळ आणि हलकी, गार हवा दाट आणि जड. दिवसा जमीन तापते, समुद्रावरची गार हवा तिकडे धावते: खारे वारे. रात्री उलट: मतलई वारे. आणि आम्ही तर त्या धड्याच्या चित्रातच राहतो! उन्हाळ्यात सेंट्रल व्हॅली भट्टीसारखी तापते, सॅन फ्रान्सिस्कोकडे त्याच वेळी स्वेटर घालावा लागतो, आणि समुद्रावरची ती गार हवा अल्टामाँटच्या खिंडीतून दरीकडे सुसाटते. म्हणून तर तिथे १९८० च्या दशकापासून पवनचक्क्या उभ्या आहेत. इतक्या गार वाऱ्यातून जाणाऱ्या माझ्या गाडीलाच तेवढी गार हवा मिळू नये?

दिराने एका माणसाकडून वापरलेला किट १२० डॉलरना आणला. चकचकीत अॅल्युमिनियमचा पाइप आणि टोकाला लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर, दिसायला अगदी समईच्या वरच्या टोकासारखा. रविवारी गॅरेजमध्ये दोन तास खटपट झाली. मूळचा काळा प्लास्टिकचा डबा निघाला, किट बसला, मी कांदेपोहे केले. गाडी सुरू केल्यावर पेडल दाबताच जो काही घुमणारा आवाज आला, त्याने शेजारचा कुत्राही उठून बसला. फेरी मारून आलो तेव्हा मला स्वतःला वाटलं, हो, गाडी हलकी पळतेय. दीर खूश, मुलगा त्याहून खूश.

माझ्यातल्या शिक्षिकेला मात्र चैन पडेना. बॉनेट उघडून बघितलं तर तो लाल फिल्टर थेट इंजिनाच्या शेजारी, गरम हवेत उघडा बसलेला. नाव 'गार हवेचा' आणि तोंड चुलीकडे! दिराला विचारलं तर म्हणाला, "गाडी पळायला लागली की हवा फिरते गं, वहिनी." फिरते, पण किती? त्याचं उत्तर वीस डॉलरला मिळालं. १९९६ नंतरच्या इथल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडी नावाचं एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं छोटं उपकरण खोचलं की फोनवर गाडीतले आकडे दिसतात, त्यातला एक इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा. मी मुलाला मागच्या सीटवर वही-पेन्सिल देऊन बसवलं आणि आकडे लिहून घेतले. बाहेर ९८ डिग्री. फ्रीवेच्या कडेच्या रस्त्यावर ५५ च्या वेगाने जाताना आतली हवा १२०. सिग्नलला तीन मिनिटं थांबलो तर १५६! म्हणजे ६९ सेल्सिअस, चहा होईल अशी. त्या तापमानाला हवेची घनता बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते. कॅल्क्युलेटरवर कोणीही करून बघावं, केल्विनमध्ये भागाकार आहे नुसता.

वही दिराला दाखवली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "मग पहिल्या दिवशी गाडी चांगली का पळाली?" प्रश्न उत्तम होता. त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

ते यायच्या आधी स्मॉग चेक आला. कॅलिफोर्नियात न राहणाऱ्या नातेवाइकांसाठी सांगते: हा आपल्या पीयूसीचा कडक चुलता. जुन्या गाड्यांना दर दोन वर्षांनी द्यावा लागतो आणि पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होत नाही. आमची मुदत सप्टेंबरअखेरची. तपासणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी यंत्र जोडण्याआधीच बॉनेट उघडलं, लाल शंकू पाहिला आणि विचारलं, "याचा नंबर कुठे?" कसला नंबर? तेव्हा कळलं की हवेच्या वाटेत कंपनीबाहेरचा असा बदल करायचा तर त्या भागाला कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाची, सगळे ज्याला 'कार्ब' म्हणतात त्यांची, मंजुरी लागते. त्या मंजुरीचा नंबर असलेलं स्टिकर दिसेल असं लावावं लागतं, आणि तो नंबर त्याच मॉडेलला, त्याच वर्षाला लागू असावा लागतो. आमच्या सेकंडहँड किटवर कसलंच स्टिकर नव्हतं. गाडीतून निघणारा धूर कसा आहे हा प्रश्नच आला नाही; नुसत्या नजरेच्या तपासणीत आम्ही नापास. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी नापास झाले ते असं.

राग आला, खरं सांगते. दिराचा आला, नवऱ्याच्या "मी म्हणत होतो" चा त्याहून जास्त आला. पण नियमाचा आला नाही. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लोकांच्या डोळ्यांतून धुराने पाणी येत होतं तिथून हे सगळे नियम सुरू झाले, आणि आमच्या व्हॅलीत निम्म्या मुलांच्या दप्तरात दम्याचा पंप सापडेल असं मला कधी कधी शाळेच्या गेटपाशी उभं राहून वाटतं.

मूळचा डबा गॅरेजमध्ये कोपऱ्यात पडला होता. तो परत बसवायला घेतला आणि आतला फिल्टर बाहेर काढला. कागदी फिल्टर मुळात पांढरा असतो म्हणे. आमचा मातीच्या रंगाचा होता, घड्यांमध्ये पाचोळा, मेलेले किडे. आमच्या भोवती बदामाच्या बागा; ऑगस्टपासून झाडं हलवून बदाम पाडतात, तेव्हा सगळीकडे धुरळा. आधीच्या मालकाने किती वर्षं फिल्टर बदलला नव्हता कोण जाणे, आणि आम्ही घेतल्यावर तेल बदललं, टायर बदलले, पण हा डबा उघडलाच नाही. आता कळलं किट बसवल्यावर गाडी का पळाली: गार हवेने नव्हे, स्वच्छ फिल्टरने! दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि श्रेय भलत्याच गोष्टीला दिलं. नववीच्या मुलांनी असा प्रयोग लिहून आणला असता तर मी लाल शाईने गोल केला असता.

(अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. नव्या पद्धतीच्या गाड्यांमध्ये फिल्टर तुंबला तरी मायलेज फारसं घटत नाही, पण जोरात पळताना गाडी मार खाते. चढावर नेमका तो मार आम्ही खाल्ला.)

बारा डॉलरचा नवा कागदी फिल्टर घालून डबा बसवला. बॅटरीची तार काढून लावल्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरची आठवण पुसली गेली होती. अशा वेळी लगेच स्मॉग चेकला गेलं तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात आणि परत पाठवतात. आठवडाभर साधी चालवावी लागते. तो आठवडा मी आकडे घेण्यात घालवला. बाहेर ९७, चालत्या गाडीत आतली हवा ११९. किटइतकीच गरम! हे मात्र चमत्कारिक होतं. बंद डबा असून हवा गरम का?

उत्तर सापडलं ते गणपतीच्या आरतीनंतर, पार्किंगमध्ये. मंडळातल्या एका काकूंकडे अगदी तीच गाडी, तेच वर्ष. मी म्हटलं, "काकू, तुमचं बॉनेट जरा उघडू का?" काकूंनी हातातलं मोदकांचं ताट गाडीच्या टपावर ठेवलं आणि म्हणाल्या, "उघड बाई, पण साडी सांभाळ." फोनच्या उजेडात बघितलं. काकूंच्या डब्याच्या तोंडाला एक काळी प्लास्टिकची नळी होती, हातभर लांब, चपटी, आणि ती पुढे जाळीच्या मागे, बाहेरची हवा येते तिथे उघडत होती. आमच्या डब्याला ती नळीच नव्हती! नुसतं भोक. आधीच्या मालकाने कधीतरी पुढून गाडी ठोकली असणार, दुरुस्ती करणाऱ्याने नळी परत लावली नसणार. म्हणजे कंपनीने गार हवेची सोय मुळातच करून ठेवली होती आणि आम्ही ती पैसे देऊन विकत घ्यायला निघालो होतो. काखेत कळसा, गावाला वळसा!

नंतर मी जरा वाचलं. बहुतेक गाड्यांमध्ये हवेचं तोंड असंच पुढच्या जाळीमागे किंवा चाकावरच्या पत्र्याच्या आत काढलेलं असतं, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर. ज्याला आपण कुरूप काळा डबा म्हणतो तो उष्णता अडवतो, आवाज गिळतो. तोंड उंचावर असतं तेही उगाच नाही. काही किट लांब पाइपाचे असतात, ते फिल्टर खाली बंपरच्या आत नेतात; तिथली हवा खरोखर गार, पण रस्त्यावर पाणी साचलं तर तेच तोंड पाणी ओढतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. आतला दांडा वाकतो आणि इंजिन संपतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत माझ्या मावशीच्या सोसायटीतल्या किती गाड्या पाण्यात सुरू करायला जाऊन कायमच्या गेल्या, ते आठवलं. दिराच्या बाजूनेही एक सांगितलं पाहिजे: नीट बंदिस्त केलेला, मंजुरीचा नंबर असलेला किट घेऊन चार-पाच अश्वशक्ती मिळवणारे लोक आहेत. माझा वाद त्यांच्याशी नाही. पण मायलेज वाढतं असं जे विकणारे सांगतात, ते मला पटत नाही. सपाट रस्त्यावर आपण पेडल अर्धवटच दाबलेलं असतं. हवा दाट मिळाली तर कॉम्प्युटर तोंड थोडं कमी उघडतो, इतकंच. दाट हवेचा उपयोग पेडल तळाला गेल्यावर.

नळी मिळाली स्टॉकटनच्या एका भंगारात. तिथे आत जायला दोन-तीन डॉलर देतात, आपापली हत्यारं घेऊन जायचं, हवा तो भाग स्वतः काढायचा आणि बाहेर पैसे भरायचे. रांगाच्या रांगा गाड्या, काही ठोकलेल्या, काहींच्या मागच्या सीटवर अजून लहान मुलांची खेळणी. दीर दोन क्लिपांशी झगडत होता तेव्हा मी म्हटलं, "थांब, कुकरची रिंग काढतात तशी काढ, एका बाजूने." निघाली. बारा डॉलर.

घरी येऊन बसवायला दहा मिनिटं लागली. मग वहीतला शेवटचा रकाना: बाहेर ९८, उभ्या गाडीत १२८, आणि गाडी चालायला लागली की दोन मिनिटांत १०४. आधीच्यापेक्षा पंधरा डिग्रींनी गार. घनतेत हा फरक जेमतेम ३ टक्के भरतो, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. नवऱ्याला तर काहीच फरक जाणवला नाही. मोठा हात फिल्टरचा, लहान हात नळीचा. पण सिग्नलवरून फ्रीवेच्या रॅम्पवर चढताना, तापलेल्या गाडीला पूर्वी जी मरगळ यायची ती गेली, आणि तेवढ्याच क्षणी तर मला तिची गरज असते.

स्मॉग चेकला तेच गृहस्थ होते. त्यांनी बॉनेट उघडलं, काळा डबा पाहिला, नळी बोटाने हलवून बघितली आणि काही न बोलता यंत्र जोडलं. पास. मुदतीच्या चार दिवस आधी.

किट दिराने विकला, कॅलिफोर्नियाबाहेर, ९० डॉलरना. तीस डॉलरचा तोटा मी भरून देते म्हटलं तर म्हणाला, "नको वहिनी, त्याऐवजी ती वही दे. माझ्या मित्रांना दाखवायचीय." वहीच्या मधल्या पानांवर किराण्याची यादी आहे, ती फाडून दिली.

पुढच्या शनिवारी अल्टामाँट. एसी चालू, १०० डिग्री, मुलगा मागून आकडे वाचत होता, "एकशे सात... एकशे सहा..." काटा ६५ वर. वर पवनचक्क्या गरगरत होत्या, मी एकदाही आरशात बघितलं नाही. मग बघितलं, कारण बघायला पाहिजे. ट्रक बराच मागे होता.

रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं सांगितलं, नळीसुद्धा दाखवली म्हणजे तिचा फोटो. त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि किंमत विचारली. मी म्हटलं, "बारा डॉलर." त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला.

"म्हणजे हजार रुपये? एवढ्याशा प्लास्टिकला?" बाबा म्हणाले. "आमच्या डेपोत फुकट मिळाली असती."